वच्छलाबाईंचं एकवचन

वच्छलाबाईंना काही शिकवायचं म्हणजे आधी पायात चपला घालाव्या लागत. बसून शिकणं त्यांना मंजूर नव्हतं. पहिल्या दिवशी मी शहाण्यासारखी त्यांच्या ओसरीवर सतरंजी टाकून बसले, पाण्याचा तांब्या जवळ घेतला, घसा साफ केला, तर बाई समोर उभ्या आणि हातात खराटा. "बसा ना, बाई," मी म्हटलं. "बसली का मले झोप येते, मॅडम. तू सांग, मी आयकून राह्यली," असं म्हणत त्यांनी अंगण झाडायला घेतलं. अंगण संपलं तेव्हा गल्ली सुरू झाली, आणि गल्ली संपली तेव्हा तळ्याची पाळ, म्हणजे काठचा बांध. स्पॅनिश भाषेचा माझ्या आयुष्यातला पहिला तास मी असा खराट्याच्या मागे धावत, धूळ खात घेतला. मी गडचांदूरची, सिमेंटच्या धुळीत वाढलेली. धुळीचं मला काही नाही, पण पळायची सवय नव्हती.

हो, स्पॅनिशच. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आत एक गाव आहे. तिथे ढिवरांची, म्हणजे मासेमारांची वस्ती, वस्तीला लागून तळं. त्या वस्तीतल्या, साठीकडे झुकलेल्या, लहानपणीच शाळा सुटलेल्या बाईला स्पॅनिश कशाला हवं, हे मला गावातल्या प्रत्येकानं विचारलं आहे. बसच्या कंडक्टरनंही विचारलं. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी तळ्याबद्दल सांगावं लागेल.

ते तळं मच्छीमार सोसायटीचं. सोसायटीत सगळे पुरुष. त्यांच्याकडे दुसरा मोठा तलाव होता, म्हणून हे तळं त्यांनी वाऱ्यावर सोडलं होतं. त्यात बेशरम माजली होती. ही गुलाबी फुलांची झुडपं आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. कापा, जाळा, ती पुन्हा उगवतात, म्हणून तर बेशरम हे नाव. वच्छलाबाईंच्या बायांच्या गटानं सोसायटीकडे ते तळं मागितलं. सोसायटीनं "न्या" म्हटलं, कारण द्यायला काही शिल्लकच नव्हतं. बाया कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. बेशरम मुळासकट उपटली, गाळ काढला, कमळाचे कंद आणि पाणवनस्पती आणून लावल्या, देशी मासळी सोडली. पुरुष पाळीवर बसून बिड्या ओढत म्हणत, "बेशरम काढून राह्यल्या का सोताच बेशरम झाल्या?" मग काही पावसाळे गेले, जाळ्यात मरळ लागायला लागली, आणि सोसायटीला एकदम आठवलं की तळं तर आपलं आहे.

भांडण पेटलं. त्याच सुमारास मी काम करते त्या संस्थेनं पाहुण्या बोलावल्या होत्या. स्पेनच्या समुद्रकाठच्या या बाया, ओहोटीला चिखलात वाकून शिंपले वेचणाऱ्या, त्यावरच पोट असलेल्या. त्यांनीही आपला किनारा भांडूनच मिळवला होता. त्या दोन महिन्यांनी येणार, गावासमोर बोलणार, ऐकणार; दुभाषी मी. सोसायटीचे अध्यक्ष दौलतभाऊ यांनी बैठकीत जाहीर करून टाकलं, "पाहुण्याईसमोर होऊन जाऊ द्या. तळ्याचं काम ज्याचं ठरन, त्याच्या हाती तळं." उदार वाटलं सगळ्यांना. दौलतभाऊंना माहीत होतं की माइक आपल्या हातात असणार.

वच्छलाबाईंनाही ते माहीत होतं. बैठक संपल्यावर त्यांनी मला पाळीवर गाठलं.

"माइकवर तो बोलन," त्या म्हणाल्या. "अना तू त्याचं बोलनं त्या बायाईले सांगशीन. मंग आमचं कोन सांगन?"

"मीच सांगेन ना."

"तू नोकरीवाली हायेस. तुले साऱ्याईचंच सांगा लागते. मले शिकव. मी माया तोंडानं सांगीन."

त्या खरं बोलत होत्या, म्हणून मला राग आला आणि मी हो म्हटलं. माझं स्पॅनिश तरी कुठलं मोठं होतं. नागपुरात एका कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायचं काम मी करत असे. तिथे शिकले. शिव्या आधी शिकले, व्याकरण नंतर.

सुरुवात सर्वनामांपासून केली. मी, तू, तो, ती. वाटलं, सोपं असतं, आत्मविश्वास येतो.

"यो म्हणजे मी," मी म्हटलं.

"यो? मले तं कोनी 'ये वो' म्हनून हाका मारल्यासारखं वाटते."

"म्हणा तरी."

"यो," बाई म्हणाल्या आणि मागे वळून पाहिलं, खरंच कोणी हाक मारली की काय म्हणून.

"आता तू. तू म्हणजे तू."

बाई थांबल्या नाहीत, पण मान वळवून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीच ओशाळले. "तू म्हंजे तू? मंग तू मले शिकवून काय राह्यली? तू तं मले येते." मी परोपरीनं सांगितलं की हा योगायोग आहे, दोन्ही भाषांत शब्द एकच आहे. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते स्पॅनिश लोकांनी तो आपल्याकडून नेला होता आणि परत करायचा विसरले होते.

त्यांच्या शिकण्याला वेळकाळ नव्हता. मासे खवलताना शिकत, धान उफणताना शिकत. एकदा मी धानोऱ्याच्या बाजारात भाजी घेत होते, तर गर्दीतून आवाज आला, "मॅडम! ती म्हंजे एया ना?" सगळा बाजार माझ्याकडे बघायला लागला. उत्तर ऐकायला त्या थांबल्याच नाहीत. त्यांना बस पकडायची होती. त्यांच्या पायांत काहीतरी होतं. गावातल्या बाया म्हणत, वच्छलाबाई झोपेतही चालत असेल. मला ते दोन महिने त्यांच्याबरोबर राहून तोच रोग लागला. ऑफिसात खुर्चीवर बसवेना, साहेब काही सांगू लागले की मी उठून उभी.

त्यांचे यजमान किसनभाऊ मात्र अगदी उलट. बारीक चणीचा, शांत माणूस. दिवसचे दिवस डोंग्यात बसून जाळं विणत असे. डोंगा काठाला लावलेला, पाय पाण्यात, कान आमच्याकडे. तो काही बोलत नसे, पण शिकत होता, हे मला पुढे कळलं.

घोटाळा झाला तो त्याच्यावरूनच. मी म्हटलं, "बाई, किसनभाऊ मासे आणतात. आता किसनभाऊंच्या जागी स्पॅनिश शब्द टाका."

"एयोस," बाई फटकन म्हणाल्या.

"नाही. एयोस म्हणजे ते, पुष्कळ जण. एकाला एल म्हणायचं. एल म्हणजे तो."

बाईंचा हात थांबला. पाय नाही, हात. "तो?" त्या म्हणाल्या. "त्याईले मी तो म्हनू?"

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे सांगायला नको. बाईंच्या तोंडी किसनभाऊ म्हणजे कायम 'ते'. मी समजावलं की त्या भाषेत असं नसतं, एक माणूस म्हणजे एकवचन, कितीही मोठा असला तरी. बाईंनी डोकं चालवलं. "मंग ते उस्तेद काय होतं? तू म्हनली ना, मोठ्यासाठी उस्तेद म्हनून?"

"ते समोर असलेल्याला म्हणायचं. माणूस समोर नसला की सगळे एलच."

"म्हंजे तोंडावर मान अना पाठीमागं नाई? हे तं आपल्या दौलतभाऊसारखं झालं."

डोंग्यातून पहिल्यांदाच आवाज आला. "म्हन ना वो एल. मी काही मोडत नाई."

"तुमी गप राहा," बाईंनी सुनावलं. मग मला हळू आवाजात म्हणाल्या, "एकवचनात घातलं का मानूस एकटा पडल्यासारखा वाटते, मॅडम. मी नाई म्हनत." आणि नाहीच म्हटलं. त्यानंतर त्यांच्या प्रत्येक वाक्यात किसनभाऊ एयोस होऊनच मासे आणत, एयोस होऊनच जेवत. स्पेनच्या बायांना वाटेल की या बाईला नवरे पुष्कळ आहेत, असं मी घाबरवलं. "वाटू दे," त्या म्हणाल्या. "एकाचंच एवढं काम पुरते."

मग आम्ही 'आम्ही'वर आलो, आणि सगळं बदललं.

"पुरुष असले तर नोसोत्रोस," मी म्हटलं. "सगळ्या बायाच असल्या तर नोसोत्रास."

बाई पाळीवरून चालत होत्या. डोक्यावर गवताचा भारा. चार पावलं पुढे गेल्या, परत आल्या. "पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं. बाईंनी भारा खाली टाकला. "म्हंजे त्याईच्याजवळ बायाईचा अलग 'आम्ही' हाये?"

मी कधी असा विचार केला नव्हता. मराठीत ते आहे, त्या आहे; पण आम्ही म्हटलं की आत कोण आहे ते दिसत नाही. 'आम्ही गाळ काढला' असं बाईनं म्हणा, बाप्यानं म्हणा, वाक्य तेच. दौलतभाऊ गेलं वर्षभर हेच वाक्य म्हणत होते आणि त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. मला तर फोनवर बोलायला शिकताना नोसोत्रास हा शब्द निव्वळ कटकट वाटला होता, पाठ करायची आणखी एक गोष्ट. बाई मात्र त्या दिवशी तो शब्द तोंडात घोळवत साऱ्या वस्तीत फिरल्या. प्रत्येक दारावरून जाता जाता बायांना सांगितला. संध्याकाळी पाण्यावर गेलेल्या बाया घागरी घासताना एकमेकींना नोसोत्रास म्हणत होत्या आणि हसत होत्या.

वाक्य ठरलं. 'नोसोत्रास लिंपियामोस.' आम्ही बायांनी साफ केलं. लिंपियामोस बाईंना लगेच लक्षात राहिलं, कारण त्यांनी त्याला लिंपण्याशी जोडलं. "लिंपलं का घर साफ दिसतेच," त्या म्हणाल्या. मी नाद सोडला.

एक गोष्ट मात्र मी प्रामाणिकपणे सांगायला गेले आणि फसले. म्हटलं, "बाई, खरं तर स्पॅनिश लोक हा पहिला शब्द बहुतेक वेळा गाळतात. नुसतं लिंपियामोस म्हटलं तरी आम्ही आहोत हे क्रियापदावरून कळतं. आपण नाही का, नुसतं 'येते' म्हणतो. मी येते, असं कुठे म्हणतो? कोणाबद्दल चाललंय हे ठाऊक असलं की शब्द गाळला तरी कळतं."

"गाळला तं बाया बी गळल्या ना," बाई म्हणाल्या. "लिंपियामोस तं दौलतभाऊ बी म्हनन. नाई. मी गाळत नाई."

पण आणखी एक नियम सांगायचा राहिला होता, आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. सांगितला. कितीही बाया असल्या आणि त्यांत एक जरी पुरुष असला, तरी नोसोत्रास म्हणता येत नाही. नोसोत्रोस होतं.

"साऱ्या बाया अना एक बाप्या, तरी बाप्याचंच?"

"तरी."

बाईंनी तळ्याकडे पाहिलं. डोंग्यात किसनभाऊ जाळ्याला गाठी मारत बसला होता. मग त्या घराकडे वळल्या, अगदी सावकाश, आणि वच्छलाबाई सावकाश चालल्या म्हणजे काहीतरी झालं होतं.

काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. बाई सकाळच्या बसनं गडचिरोलीला आल्या आणि आमच्या ऑफिसात थेट माझ्या टेबलापाशी थडकल्या. खुर्ची दिली तर तिच्या पाठीवर हात ठेवून तिच्याभोवती फिरू लागल्या.

"मॅडम, ते होते," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"आमचे ते. बेशरम काढताना. पानी खोल होतं तिथी आमचे पाय पोचत नव्हते. ते डोंगा घेऊन येत. तोडलेलं सारं ओढून काठाले आनत. येक दिवस चुकवला नाई. लोक हासत, तरी येत. मंग मी नोसोत्रास कशी म्हनू? खोटं होते ना."

मी म्हटलं, "मग नोसोत्रोस म्हणा. बरोबर तेच आहे."

"अना नोसोत्रोस म्हनलं का त्याईच्या पाठीवर बसून सारी सोसायटी आत येते!" बाई ओरडल्याच. साहेबांनी काचेतून पाहिलं. "येक मानूस आला म्हनून दरवाजा उघडा लागते, अना ज्यानं काडी उचलली नाई ते सारे घुसते. आमच्या त्याईले आत घेऊ तं तळं जाते. बाहेर ठेवू तं त्याईचं केलेलं पान्यात जाते. मी काय करू, सांग. तुया त्या भाषेत काही असन ना?"

ज्या भाषेत मी लोकांच्या बंद पडलेल्या मशिनींच्या तक्रारी सोडवल्या, तिच्यात या बाईची तक्रार सुटत नव्हती. चहा मागवला. बाईंनी तो उभ्यानं, चार घोटांत संपवला आणि परतीच्या बसकडे धावल्या.

हे सगळं किसनभाऊच्या कानावर गेलंच. पाहुण्या यायच्या आदल्या दिवशी मी गावात मंडप पाहायला गेले होते. त्यानं मला डोंग्याजवळ बोलावलं. "मॅडम, उद्या मी पल्याडच्या काठाले राहीन," तो म्हणाला. "मंडपात येत नाई."

"का हो, किसनभाऊ?"

"मी आलो तं शब्द बिघडते." एवढंच म्हणून तो पुन्हा गाठी मारू लागला. मला तिथून लगेच निघून जावं लागलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी तिथे पाहुण्यांची व्यवस्था बघायला आलेली बाई होते.

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. पुढे सोसायटी, मागे बाया. पाहुण्यांत सगळ्यांत थोरली होती पिलार. तिचे हात पाहून आमच्या बाया आपसांत कुजबुजल्या, कारण बोटं तशीच होती, पाण्यानं चिरलेली. दौलतभाऊंनी माइक घेतला. स्वागत केलं, गावाचा इतिहास सांगितला आणि मग आवाज चढवून म्हणाले, "आम्ही बेशरम काढली. आम्ही गाळ उपसला. आम्ही हे तळं साफ केलं."

आता मला बोलायचं होतं. नोसोत्रोस म्हणावं तर त्यांची बाजू घेतली, नोसोत्रास म्हणावं तर माझ्या मनचं घातलं. मी शब्द गाळला. नुसतं म्हटलं, "लिंपियामोस ला लागूना." तळं साफ केलं.

पिलारनं मान हलवली आणि विचारलं, "किएनेस?"

"विचारतात, कोण कोण?" मी मराठीत सांगितलं.

"कोन कोन म्हंजे? आम्ही. गाव," दौलतभाऊ हसून म्हणाले.

मागून वच्छलाबाई उठल्या. त्या बसल्याच नव्हत्या म्हणा. मंडपाच्या खांबाशी कधीच्या येरझाऱ्या घालत होत्या. त्या बायांमधून वाट काढत पुढे आल्या. माइककडे गेल्याच नाहीत. "नोसोत्रास," त्या म्हणाल्या. "नोसोत्रास लिंपियामोस."

पिलार ताडकन उठली. तिच्या बरोबरच्या साऱ्या बाया उठल्या. त्यांना जंगलातल्या गावात आपला शब्द ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मागे आमच्या बाया टाळ्या वाजवू लागल्या. दौलतभाऊ माइक हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात पिलारनं आनंदानं, अगदी सहज, पुढचा प्रश्न विचारला, "सोलो बोसोत्रास?"

फक्त तुम्ही बायाच? हा शब्द मी शिकवला नव्हता, पण बाईंना तो कळला. हो म्हटलं असतं तर काम झालं होतं. सगळा मंडप हो म्हणायच्या तयारीत होता. आणि मी पाहिलं, वच्छलाबाईंचे पाय थांबले. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच एका जागी उभं पाहत होते. त्या तळ्यापलीकडे बघत होत्या. पलीकडच्या काठाला डोंगा होता आणि त्यात एक माणूस पाठ करून बसला होता.

बाईंच्या ओठांवर एयोस येऊन थांबलेलं मला दिसलं. एयोस म्हटलं असतं तर मान राहिला असता. पण 'ते' म्हणजे आम्हीच, असं म्हणत दौलतभाऊंनी तळं नेलं असतं.

बाईंनी हात लांब केला. बोट सरळ त्या डोंग्यावर ठेवलं. "नोसोत्रास," त्या म्हणाल्या. आणि मग मोठ्यानं, पाण्यापलीकडे पोचेल एवढ्या आवाजात, "इ एल."

"काय म्हनली? काय म्हनली?" सोसायटीवाले मला विचारू लागले. आता माझी पाळी होती. मी 'त्यांनी' म्हणू की 'त्यानं'? मी म्हटलं, "बाई म्हणतात, आम्ही बायांनी केलं. आणि त्यानं."

बाईमाणूस नवऱ्याला साऱ्या गावासमोर 'त्यानं' म्हणते! पोरीबाळींनी तोंडाला पदर लावले. दौलतभाऊंनी तोंड उघडलं, पण काय म्हणणार? 'त्यानं' म्हणजे आम्ही, असं कोणालाच म्हणता येत नाही. तेवढ्यात सोसायटीतलाच एक म्हातारा पुढच्या रांगेतून म्हणाला, "कोन, किसन ना? होता. किसन येकलाच होता. बाकी आपन पारीवर बसून बिड्या पेत होतो, दौलत. उगी काऊन बोलतं?"

तळं बायांकडे राहिलं. पुढच्या बैठकीत ठरावही झाला, पण ठरलं त्या क्षणीच होतं. पिलार वच्छलाबाईंच्या गळ्यात पडली, दोघी काय काय बोलल्या ते मला कळलं नाही, आणि त्यांना माझी गरजही नव्हती.

पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर, ऊन कलताना, किसनभाऊ डोंगा घेऊन अलीकडे आला. दोरी खुंटाला बांधत, वर न बघता म्हणाला, "आज आमाले एकवचनी केलं म्हनते कोनी."

बाई पाठ करून उभ्या राहिल्या. कान लाल झाले होते. "मंग काय करू? तुमाले मान दिला असता तं सारी सोसायटी आत आली असती."

"मी काही म्हनलं का? राम बी एकवचनीच होता," किसनभाऊ म्हणाला. मी खूप हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी टोपली उचलली आणि जवळजवळ पळतच घराकडे गेल्या. त्या दिवसानंतर त्यांनी त्याला पुन्हा एल म्हटलेलं मी ऐकलं नाही. घरात ते, आणि माझ्याशी स्पॅनिशमध्ये एयोस. पहिल्यासारखंच.

किसनभाऊ पुढच्या धानकापणीच्या दिवसांत गेला. ताप आला, अंगावर काढला, गडचिरोलीला नेईपर्यंत उशीर झाला. माझी तोवर चंद्रपूरला बदली झाली होती, मला तिथे कळलं. मी गेले तेव्हा दिवसकार्य होऊन गेलं होतं. वाटलं होतं, बाई आता तरी घरात बसलेल्या असतील. घराला कडी होती. त्या पाळीवर भेटल्या, चालत होत्या. मी नेहमीसारखी मागून चालू लागले. डोंगा काठावर पालथा घातला होता.

मग बाई बोलू लागल्या. "पहाटे उठे. चहा घेत नसे. डोंगा सोडे अना कमळाच्या मधात जाऊन बसे. म्या हाका माराव्या, आयकूनच न आयकल्यासारखं करे. जाळं विनता विनता तुया धडा घोके, मले मागून कळलं. मायापेक्षा जास्त शब्द येत होते. सांगे नाई."

त्या बोलत राहिल्या आणि मला उशिरा लक्षात आलं की इतक्या बोलण्यात एकदाही 'ते' आलं नव्हतं. एलही नाही. नुसती क्रियापदं. उठे, सोडे, बसे. सगळी एकवचनी.

बाई थांबल्या. माझ्याकडे वळून पाहिलं. "तू म्हनली होती ना, मॅडम. कोनाचं चाल्लं हाये ते ठाऊक असन तं शब्द गाळला तरी कळते म्हनून?"

उत्तर ऐकायला थांबायचा बाईंना धीर कुठला? काठाशी कमळांमध्ये बेशरमचा एक कोवळा फुटवा त्यांना दिसला होता. त्यांनी लुगडं खोचलं आणि पाण्यात पाय घातला.

"कळतं, बाई," मी म्हटलं. पण तोवर त्या कमरेएवढ्या पाण्यात पोचल्या होत्या.